तारेखालचं झाड

पुण्यात आणि आसपासच्या गावांत गुरुवारचं एक वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी नऊच्या आत पाण्याची टाकी भरून घ्यायची, मिक्सरवरचं वाटण उरकायचं, मोबाईल चार्जिंगला लावायचे. कारण गुरुवारी लाईट जाते. दुरुस्तीच्या कामांसाठी हा वार वर्षानुवर्षं राखलेला आहे. एरवी लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण एप्रिल-मेमधले गुरुवार फार मोलाचे असतात. पावसाळा सुरू होण्याआधी तारांवर आलेल्या फांद्या काढायच्या असतात आणि त्यासाठी हातात जेमतेम सहा-आठ आठवडे मिळतात.

आमच्या गल्लीतला तीन वर्षांपूर्वीचा असा एक गुरुवार मला चांगला आठवतो. लाईनमनने आधी उपकेंद्रात फोन करून परमिट घेतलं. या लाईनवर माणसं काम करत आहेत, त्यांनी परत कळवल्याशिवाय ती चालू करायची नाही, याची ती नोंद. मग लाईन तोडणारा कोपऱ्यावरचा एबी स्विच खाली ओढला. आता तार मेली, असं आपण धरून चाललो असतो. त्याने तसं धरलं नाही. लांब दांड्याच्या डिस्चार्ज रॉडची वायर आधी जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडली आणि मग तो रॉड तिन्ही तारांना एकेक करून लावला. कुणाच्या घरात किंवा दुकानात जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर त्याची वीज डीपीतून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी वर चढते. घरातले 230 व्होल्ट घेऊन डीपी त्यांचे 11 हजार करते आणि बंद समजलेल्या तारेवरच्या माणसाचा जीव जातो. तारेला जमिनीशी बांधून ठेवलं की तो धोका टळतो.

मग तो गल्लीतल्या काकूंच्या फाटकाशी आला. ‘‘काकू, तारेकडची फांदी काढावी लागंल.’’

‘‘अरे, कैऱ्या धरल्यात तिला. आठ दिवस थांबता नाही येणार?’’

‘‘आठ दिवसांत वळीव आला, तर तुमच्या कैऱ्याबी जातील आन् गल्लीची लाईटबी.’’

काकूंनी मान हलवली. कंत्राटदाराचा एक पोरगा कोयता घेऊन आंब्यावर चढला आणि मनगटाहून जाड फांदी मध्येच तोडून मोकळा झाला. खोडापासून हातभर लांबीचा खुंट तसाच राहिला. दुपारी चारला लाईट आली. त्या खुंटाचं पुढे काय झालं, ते मी तीन वर्षं पाहत आलो. ते सांगण्याआधी तार आणि फांदी यांच्या भांडणाचं मूळ पाहू.

आपल्या डोक्यावरच्या बहुतेक तारांना कसलंही आवरण नसतं. आत पोलादाची तार, तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ, याला एसीएसआर म्हणतात. जाडीप्रमाणे या तारांना प्राण्यांची नावं आहेत. गावातल्या बारीक लाईनवर ‘वीझल’ किंवा ‘रॅबिट’, त्याहून मोठीवर ‘डॉग’, मनोऱ्यांवर ‘पँथर’, ‘झेब्रा’, ‘मूस’. या तारांचं आवरण म्हणजे भोवतालची हवा. हवा फुकट असते, झिजत नाही आणि ठिणगी पडली तरी पुन्हा पूर्ववत होते. फक्त ती पुरेशी जागा मागते. फांदी वाढते, तेव्हा ती या आवरणात शिरत असते.

किती जागा लागते, हे व्होल्टेजवर ठरतं. 132 हजार व्होल्टच्या तारेपासून झाड निदान 4 मीटर लांब हवं, 220 हजारांच्या तारेपासून 4.6 मीटर आणि 400 हजारांच्या तारेपासून 5.5 मीटर. वाऱ्याने तार झुलते, झाडही डोलतं, म्हणून मोकळा ठेवायचा पट्टा त्याहून बराच रुंद असतो. 11 हजारांच्या लाईनसाठी 7 मीटर, 33 हजारांसाठी 15 मीटर, 132 हजारांसाठी 27 मीटर, 220 हजारांसाठी 35 मीटर. खालून जाणाऱ्याला व्होल्टेज कसं ओळखता येईल? मनोरा असेल, तर चिनी मातीच्या किंवा काचेच्या तबकड्यांची माळ मोजा. नऊ-दहा तबकड्या असतील तर लाईन साधारण 132 हजारांची, तेरा-चौदा असतील तर 220 हजारांची. गल्लीतल्या खांबावर व्ही आकाराच्या लोखंडी पट्टीवर दोन आणि शेंड्यावर एक, अशा त्रिकोणात तीन तारा असतील, तर ती 11 किंवा 22 हजारांची. त्याखाली चार-पाच तारांचा जो संच घराघरांत जातो, तो 230 आणि 400 व्होल्टचा. लोक सगळ्यात जास्त निर्धास्त असतात ते या शेवटच्या तारांजवळ, आणि जीव घ्यायला त्याही पुरतात.

ओली फांदी तारेला टेकली की काय होतं? लाकडात पाणी असतं, पाण्यात क्षार असतात. वीज त्यातून वाहते, पण अडखळत वाहते. घोटाळा इथेच होतो. दोन तारा एकमेकींवर आदळल्या, तर प्रचंड प्रवाह वाहतो आणि उपकेंद्रातला ब्रेकर क्षणात ट्रिप होतो. फांदीतून वाहणारा प्रवाह मात्र कधी इतका किरकोळ असतो, की ब्रेकरला तो गल्लीतला नेहमीचाच वापर वाटतो. तार चालू राहते, फांदी चरचरत राहते, पाला करपतो, साल कोळशासारखी काळी पडते. कोळसा ओल्या लाकडापेक्षा चांगला वाहक असल्यामुळे प्रवाह वाढत जातो. पावसात दिवे मिणमिणणं, पंखा मध्येच मंदावणं, झाडातून निळसर ठिणग्या दिसणं या त्याच्या खुणा. अशा वेळी त्या झाडाला हात लावायचा नाही, त्याला गुरं बांधलेली असतील तर तीही सोडवायला धावायचं नाही. आधी लाईन बंद करून घ्यायची.

तुटून जमिनीवर पडलेल्या तारेचंही तसंच आहे. कोरड्या मातीवर, डांबरावर पडलेली तार अनेकदा ब्रेकर न पाडता जिवंत राहते. ती हलत नाही, ठिणगी देत नाही, तरी भोवतालच्या जमिनीत वीज उतरलेली असते. जवळ असाल तर मोठ्या ढांगा टाकू नका, पावलं जुळवून, जमिनीला घासत लांब जा. दोन पाय जितके दूर, तितका त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक जास्त. बैल, म्हैस अशा वेळी माणसाच्या आधी दगावतात, कारण त्यांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात.

झाड वाढतं हे सगळ्यांना दिसतं. तार खाली येते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. दोन मनोऱ्यांमधलं अंतर 300 मीटर धरा. तार मध्यभागी 6 मीटर झोळ खात असेल, तर तिची लांबी त्या 300 मीटरपेक्षा किती जास्त असेल? फक्त 32 सेंटीमीटर. वीतभराहून थोडी अधिक लांबी आणि दुमजली घराएवढा झोळ! आता उन्हाने आणि प्रवाहाने ती तार 40 अंशांनी तापली, तर ती आणखी वीतभर लांबते आणि झोळ सुमारे दीड मीटरने वाढतो. भर उन्हाळ्यातली दुपार, वारा पडलेला, घरोघरी कूलर आणि एसी चालू, शेतात मोटरी चालू. तार तेव्हा सगळ्यात खाली उतरलेली असते. हिवाळ्यात सकाळी पाहून ‘भरपूर अंतर आहे’ म्हणणाऱ्याची फसगत होते ती यामुळे.

या फसगतीची किंमत अमेरिकेने आणि कॅनडाने 14 ऑगस्ट 2003 रोजी मोजली. ओहायो राज्यात क्लीव्हलंडच्या आसपास 345 हजार व्होल्टच्या तीन लाईन एकामागोमाग झाडांना लागून बंद पडल्या. पहिली दुपारी 3 वाजून 5 मिनिटांनी, दुसरी 3.32 ला, तिसरी 3.41 ला. पहिली लाईन तेव्हा तिच्या क्षमतेच्या जेमतेम 44 टक्के भार वाहत होती. म्हणजे ती फार तापून खाली आली होती असंही नाही. झाडंच पट्ट्यात बेसुमार वाढू दिली होती. तिचा भार बाकीच्यांवर गेला, त्या तापल्या, झोळ वाढला आणि त्याही झाडांना टेकल्या. दुसऱ्या लाईनचा झाडाशी झालेला स्पर्श जवळच काम करणाऱ्या फांद्या छाटणाऱ्या टोळीने डोळ्यांनी पाहिला. ती माणसं त्या दिवशी तिथे होती, पण त्या झाडापर्यंत पोचली नव्हती. नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणाही बंद पडलेली होती. सव्वाचारच्या आत न्यूयॉर्क, डेट्रॉइट, टोरांटो अंधारात गेली, जवळपास 5 कोटी लोकांची वीज गेली. पुढच्याच महिन्यात, 28 सप्टेंबरच्या पहाटे, स्वित्झर्लंडमधली एक लाईन झाडाला लागली आणि सार्डिनिया बेट वगळता अख्खी इटली काळोखात बुडाली.

ओहायोच्या चौकशीनंतर अमेरिकेत मोठ्या लाईनखालची झाडं राखणं हा कंपनीच्या मर्जीचा विषय उरला नाही. 2005 च्या कायद्याने ते सक्तीचं झालं, चुकेल त्याला दंड लागू झाला. न छाटलेल्या फांद्यांचा हिशेब दोन देशांना इतका महागात पडला, म्हणून मी मेमधल्या गुरुवारांना मोलाचे म्हणतो.

पण छाटणी म्हणजे नुसतं फांदी तोडणं नव्हे, आणि आपल्याकडे दुखणं तिथेच आहे. काकूंच्या आंब्याकडे परत जाऊ. पाऊस सुरू झाला आणि हातभर खुंटाच्या टोकाशी दहा-बारा धुमारे फुटले. झाडाने मुळांत आणि खोडात साठवलेलं अन्न वापरून ते सरळ आकाशाकडे, तारेच्याच दिशेने झेपावले. मूळ फांदी जी उंची गाठायला कित्येक वर्षं घेते, ती धुमाऱ्यांनी दोन पावसाळ्यांत गाठली. शिवाय फांदी खोडात खोलवर रुजलेली असते, धुमारा मात्र वरच्या थरालाच चिकटलेला असतो. वळवाच्या पहिल्या झोडीत तो सालीसकट उचकटतो आणि तारेवर पडतो. म्हणजे एका फांदीच्या जागी बारा फांद्या झाल्या, त्याही कच्च्या. तिसऱ्या वर्षी खुंटाच्या टोकाला करड्या रंगाची, कानासारखी बुरशी दिसू लागली. कुज आत उतरली होती.

झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, हे ठामपणे दाखवलं ॲलेक्स शिगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने. अमेरिकेच्या वनखात्यात काम करताना त्याने हजारो झाडं उभी चिरून आतली कुज कशी पसरते ते पाहिलं. खराब झालेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती भिंती उभारून ते तो भाग कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. या भिंतींपैकी सगळ्यात पक्की जागा फांदी खोडाला मिळते तिथे असते. तिथे खालच्या बाजूला किंचित फुगवटा दिसतो, गळपट्ट्यासारखा, आणि वर सालीची सुरकुती असते. कापायचं ते या फुगवट्याच्या लगेच बाहेर. फुगवटा कापला, तर भिंतच पडते. लांब खुंट ठेवला, तर झाडाला तो झाकता येत नाही आणि कुजीला आयती वाट मिळते.

जाड फांदी एका घावात काढली, तर पडताना ती खोडाची साल फाडून नेते. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून वीतभर पुढे, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी सुखरूप खाली येते. मग उरलेला खुंट फुगवट्याशी काढायचा. कोयत्यापेक्षा करवत बरी. वर गेरू, डांबर, रंग काही लावायचं नाही. लेपाने कुज थांबत नाही, हेही शिगोच्याच कामातून पुढे आलं. फांदी आखूडच करायची असेल, तर ती अशा दुबेळक्यात तोडावी, की राहिलेली फांदी तोडलेलीच्या निदान एक तृतीयांश जाड असेल आणि तारेपासून लांब जात असेल. झाडाचा जोर मग त्या फांदीत वळतो, धुमारे कमी फुटतात. एका वर्षात पाव भागाहून जास्त पालवी काढू नये.

गेल्या मे महिन्यात काकूंनी स्वतः पुढे होऊन लाईनमनला फुगवटा दाखवला. त्याने खुंट तिथे करवतीने काढला. कापाच्या कडेने आता बोटभर रुंद नवी साल गोल वळून आली आहे. कामाला कोयत्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागली. ही दहा मिनिटं देण्याची सवड आपल्या यंत्रणेत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. छाटणीचा हिशेब किती किलोमीटर लाईन मोकळी झाली यावर होतो. झाडावर चढणाऱ्या पोराला विजेचं थोडंफार शिकवलेलं असतं, झाडाचं कुणीच शिकवत नाही. त्याला दोन दिवस एखाद्या जाणकार माळ्याबरोबर फिरवलं, तर पुढच्या वर्षी निम्म्या झाडांवर त्याला पुन्हा चढावं लागणार नाही.

नारळ-पोफळीला यातलं काहीच लागू पडत नाही. त्यांना वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो तोडला की झाड मेलं. फक्त झावळ्या काढता येतात आणि नारळ महिन्याला एक या हिशेबाने नवी झावळी काढतो. तारेखालचा तरणा माड छाटणं म्हणजे फक्त तारीख पुढे ढकलणं. तिथे लाईन सरकवावी, नाही तर माड काढून बागेत दुसरीकडे नवा लावावा.

कोकणाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांत माड, पोफळी, आंबे आडवे झाले, त्यांच्याबरोबर खांबही, आणि काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्यातली किती तरी झाडं तारेच्या पट्ट्याच्या पुष्कळ बाहेर होती. वाढून तारेला लागणारं झाड वेगळं आणि पडून लागणारं वेगळं. पहिल्यावर छाटणीचा उपाय चालतो. दुसऱ्यासाठी बुंधा पाहावा लागतो. खोडाला पोकळी आहे का, वाळवी आहे का, बुंध्याशी माती उचलल्यासारखी दिसते का. शहरात तर गटारासाठी किंवा काँक्रीटच्या रस्त्यासाठी एका बाजूची मुळं उडवलेली असतात. असं झाड त्या बाजूच्या आधाराशिवाय उभं असतं आणि जूनमध्ये माती भिजली की पडतं. लोक म्हणतात, वाऱ्याने पडलं. ते आदल्या हिवाळ्यातच कापलं गेलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 68 सांगतं, की ओव्हरहेड लाईनला अडथळा करणारं झाड कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा सरकारने नेमलेलं प्राधिकरण काढायला लावू शकतं. पण लाईन येण्याआधी झाड तिथे असेल, तर मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागते. ‘झाड’ या शब्दात या कायद्याने झुडूप आणि झाडांचं कुंपणसुद्धा धरलं आहे. शहरांत 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे. त्यामुळे शेजाऱ्याचं झाड परस्पर तोडायला कुणी ‘विजेचं कारण’ पुढे केलं, तर परवानगीचा कागद जरूर मागावा. मे महिन्यात कावळ्यांची घरटी असतात, पावसात बगळे आणि वंचक रेन ट्रीवर पिल्लं वाढवतात. घरटं दिसलं तर ती फांदी छाटणाऱ्याला दाखवावी. तातडीचा धोका नसेल, तर ती काही आठवडे थांबू शकते.

तारच बदलता येते का? येते. 400 व्होल्टच्या उघड्या तारांऐवजी आवरण असलेली, पीळ दिलेली एरियल बंच केबल टाकली, तर पानं नुसती टेकल्याने बिघाड होत नाही. मात्र जाड फांदी सतत घासत राहिली तर आवरण झिजतं. जमिनीखालची केबल वादळाला दाद देत नाही. मुंबई शहरात बेस्टची वीज अशीच येते. पण तिला खर्च फार आणि बिघाड शोधायला वेळ लागतो. शिवाय झाडांच्या ओळीलगत चर खणला, तर वर वाचलेलं झाड खाली मुळांत मरतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. चर लांबून घेता येत नसेल, तर मुळांच्या खालून आडवं छिद्र पाडून पाईप सरकवण्याचं तंत्र आता आपल्याकडेही रुळलं आहे. ते महाग असलं तरी जुन्या वडा-पिंपळाजवळ तेच वापरायला हवं.

घरच्या अंगणात सगळ्यात घातक झाड कोणतं, असं मला विचाराल, तर मी शेवग्याचं नाव घेईन. लाकूड ठिसूळ, वाढ झपाट्याची, आणि शेंगा काढायला माणूस लोखंडी आकडी घेऊन वर बघतो ते शेंगेकडे, तारेकडे नाही. आकडी बांबूची असली तरी ओला बांबू वीज वाहून नेतो. तारेजवळच्या शेंगा, आंबे, नारळ सोडून द्यावेत. ॲल्युमिनियमची शिडी त्या झाडाला लावूच नये.

जूनमध्ये शाळा, मंडळं, ग्रामपंचायती रोपं लावतात. रस्त्याकडेची मोकळी पट्टी दिसते, म्हणून नेमक्या तारेखाली गुलमोहर, रेन ट्री, सुबाभूळ, निलगिरी लावली जातात. पाच-सहा वर्षांत ती तारेला पोचतात आणि दर उन्हाळ्यात त्यांची डोकी उडवली जातात. त्या जागी तगर, कण्हेर, जास्वंद, कढीपत्ता, सीताफळ, डाळिंब, लिंबू लावा. थोड्या छाटणीत ती कायम तारेच्या खाली राहतात. वड, पिंपळ, आंबा, कडुनिंब यांना तारेपासून निदान दहा-बारा मीटर लांबची जागा द्या. यंदा खड्डा घ्यायच्या आधी वर बघा. आणि आधीच तारेला टेकलेली फांदी दिसली, तर कोयता न उचलता 1912 ला फोन करा.